सालीची तहान

अळिवाचे लाडू करायचे ठरले की नारळ फोडताना घरात थोडी धावपळ होते. खाली पातेलं धरायचं, पाणी सांडू द्यायचं नाही, ते गाळून घ्यायचं आणि त्यात अळीव भिजत टाकायचे. टाकताना ते तांबूस, कोरडे, मोहरीहून जरा लांबट दाणे असतात, बोटांतून सुळकन निसटणारे. दोन तासांनी झाकण काढावं तर पातेल्यात पाणीच नाही. गेलं कुठे? कुठेच नाही. प्रत्येक दाण्याने स्वतःभोवती काचेसारखा पारदर्शक अंगरखा चढवलेला असतो आणि सगळं पाणी त्या अंगरख्यांत जाऊन बसलेलं असतं. पातेलं तिरकं केलं तरी थेंब गळत नाही, सगळा ऐवज नुसता डुगडुगतो.

हे दृश्य लहानपणापासून पाहिलेलं असल्यामुळे त्याचं नवल वाटेनासं होतं. एरवी विचार करा. चिमूटभर कोरडी वस्तू कितीतरी पट पाणी पिते, ते सांडू देत नाही आणि तरीही विरघळून जात नाही. अळिवाला हे करावं लागतं, कारण बी कधी भुसभुशीत काळ्या मातीत पडतं, कधी मुरमाड उतारावर. एखादी सर येते आणि निघून जाते. ती सर गेल्यावरही कोंब फुटेपर्यंत ओल उशाला हवी, म्हणून बियाच्या टरफलातच ही शिदोरी बांधून दिलेली. सब्जाचंही तेच, इसबगोलाचंही तेच.

मग शेतातल्या मातीलाच असे अळीव पेरता आले तर? खाण्याचे अळीव नव्हेत, पाणी धरणारे. हा प्रश्न रसायनशास्त्राला नवा नाही, पण २०१६ साली जोहान्सबर्गच्या एका शाळकरी मुलीने तो ज्या वस्तूच्या भरवशावर विचारला, त्या वस्तूकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं असं नाही, आदर मात्र कुणी दिला नव्हता. ती वस्तू म्हणजे संत्र्याची साल.

मुलीचं नाव किआरा निरघिन. वय १६, सेंट मार्टिन्स शाळेत अकरावीत. कुटुंब भारतीय वंशाचं. सातव्या वर्षी प्लॅस्टिकच्या पेल्यांत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस काढणारं पोर ते हेच. भारताचे कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन हे तिचं प्रेरणास्थान. आणि आजूबाजूला काय चाललेलं होतं? दक्षिण आफ्रिकेत पावसाच्या देशव्यापी नोंदी १९०४ पासून ठेवल्या जातात. २०१५ हे त्या सगळ्या वर्षांतलं सर्वांत कोरडं वर्ष ठरलं. देशाची सरासरी साधारण ६०८ मिलिमीटर, त्या वर्षी पडला ४०३. मक्याची ताटं उभ्या उभ्या वाळली, गुरं मेली, धरणांचे तळ उघडे पडले.

हे वर्णन वाचताना आपल्याकडच्या माणसाला काहीतरी ओळखीचं वाटतं ना? वाटायलाच हवं. पॅसिफिक महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यातलं पाणी त्या वर्षी प्रमाणाबाहेर तापलं होतं. २०१५-१६ चा हा एल निनो आजवरच्या सर्वांत तीव्र एल निनोंमध्ये गणला जातो. त्याने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा पाऊस पळवला आणि आपला मोसमी पाऊसही अडवला. मराठवाड्यात तर पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली. मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा टँकर, पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. तिला ‘जलदूत’ म्हणत. एकाच समुद्राच्या ज्वराने एकीकडे लातूरच्या बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या केल्या आणि दुसरीकडे जोहान्सबर्गच्या एका मुलीला स्वयंपाकघरात साली उकळायला लावलं.

तिने ज्या पदार्थांचा अभ्यास सुरू केला ते तुमच्या-आमच्या घरात येऊन गेलेले असतात. एक कोरा डायपर घ्या आणि कात्रीने मधोमध उभा कापा. कापसासारख्या लगद्यात साखरेच्या बारीक कणांसारखी पांढरी पूड मिसळलेली दिसेल. ती झटकून अर्धा चमचा पेल्यात घ्या आणि वर पाणी ओता. तुम्ही पेला खाली ठेवेपर्यंत पाणी ‘उभं’ राहिलेलं असेल. पेला उलटा करून डोक्यावर धरला तरी चालेल. (मी धरला आहे. भाचरांसमोर प्रतिष्ठा एकदम वाढते.) ही पूड म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. शुद्ध पाण्यात ती स्वतःच्या वजनाच्या तीनशेपट पाणी सहज पिते.

या कुळाचा मूळपुरुष मात्र बाळांसाठी जन्मला नव्हता. अमेरिकेत इलिनॉय राज्यात पिओरिया नावाचं गाव आहे. तिथे अमेरिकी कृषिखात्याची प्रयोगशाळा आहे. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलीन भरपूर प्रमाणात कसं करायचं हे कोडं जिथे सुटलं, तीच ही. मक्याच्या पट्ट्यातली प्रयोगशाळा, त्यामुळे मक्याच्या स्टार्चचं आणखी काय करता येईल याचा तिला कायम ध्यास. १९७० च्या दशकात तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी स्टार्चच्या रेणूवर एका कृत्रिम बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची, कलमं बांधली आणि शेकडोपट पाणी पिणारा पदार्थ हाती आला. नावही त्यांनी झोकात ठेवलं, ‘सुपर स्लर्पर’, म्हणजे भुरके मारणाऱ्यांचा राजा. बियांवर त्याचा लेप द्यायचा, रोपांच्या मुळाशी घालायचा, असेच उपयोग तेव्हा डोळ्यांसमोर होते. पुढे जपानी कंपन्यांनी पेट्रोलियमपासून तयार होणारी पूर्ण कृत्रिम पूड सॅनिटरी पॅडमध्ये आणि मग डायपरमध्ये घातली, बाजार तिकडे वळला आणि शेत मागे पडलं. शेतासाठी अशी पूड आजही मिळते, पण ती महाग असते आणि मातीत सहजासहजी कुजत नाही. किआराची अडचण नेमकी इथे होती. दुष्काळातल्या शेतकऱ्याला परवडेल आणि मातीला पचेल अशी पूड कुठून आणायची?

आता ही पूड इतकं पाणी पिते तरी कशी, ते पाहू. मला हा भाग सगळ्यांत आवडतो, कारण तो कळायला लोणच्याची बरणी पुरते.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळाने पातेल्याच्या तळाशी पाणी साचतं. मीठ बाहेर जास्त, फोडीच्या आत कमी, म्हणून पाणी आतून बाहेर येतं. जिकडे क्षार जास्त तिकडे पाण्याची धाव. पाणी पिणाऱ्या पुडीत हाच खेळ उलट्या दिशेने होतो. तिच्या प्रत्येक कणात लांबच लांब रेणूंच्या दोऱ्यांचा गुंता असतो. या दोऱ्यांवर ठरावीक अंतराने ऋण विद्युतभाराचे गट लटकलेले असतात आणि त्यांच्या जोडीला सोडियमचे धनभारित आयन. म्हणजे मीठ आत, बाहेर साधं पाणी. पाणी आत धावतं. पाणी आत शिरलं की ऋणभाराचे गट मोकळे होतात आणि एकमेकांना दूर लोटू लागतात. दोऱ्या ताणल्या जातात, गुंता उलगडतो, जागा वाढते, आणखी पाणी येतं. हे असंच चालू राहिलं असतं तर दोऱ्या सुट्या होऊन पाण्यात विरघळून गेल्या असत्या. तसं होत नाही, कारण जागोजागी दोन दोऱ्यांना एकत्र बांधणाऱ्या गाठी असतात. कोळ्याचं जाळं आठवा. ते ताणलं तर पसरतं, पण गाठी आहेत तोवर जाळंच राहतं.

तेव्हा तीन गोष्टी हव्यात. लांब दोऱ्या, त्यांच्यावर विद्युतभार आणि मधेमधे गाठी. या तीन गोष्टी घेऊन निसर्गात हिंडायला लागलं की पावलं आपोआप फळांच्या सालीपाशी थांबतात.

पेरूची जेली ज्यांनी घरी केली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पेरू फार पिकलेले घ्यायचे नाहीत, जरा कचवट हवेत. फोडी पाण्यात शिजवायच्या, न दाबता गाळायच्या, साखर आणि लिंबाचा रस घालून आटवायचं. मग ताटलीत थेंब टाकून ताटली तिरकी करायची. थेंब घरंगळला नाही तर जेली झाली. हा थेंब जो धरून ठेवतो तो पेक्टिन. वनस्पतींच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा हा गिलावा आहे. फळ पिकतं तसा हा गिलावा सुटतो, फळ मऊ पडतं आणि जेली बिघडते. आजीला हे रसायन माहीत नव्हतं, पण ‘पेरू कचवट आण’ हे माहीत होतं.

पेक्टिनच्या ओळखीचा पहिला धागाही आपल्या स्वयंपाकघराच्या जवळून जातो. १७९० साली वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चिंचेचं पृथक्करण केलं आणि तिच्यातल्या जेलीसारख्या पदार्थाची नोंद केली. पुढे १८२५ साली नान्सी या फ्रेंच शहरातल्या वनस्पती-उद्यानाचे संचालक आंरी ब्राकोनो यांनी हा पदार्थ वेगळा काढून त्याला नाव दिलं. ग्रीक भाषेतल्या ‘गोठणं’ या अर्थाच्या शब्दावरून ‘पेक्टिक’. हे ब्राकोनो मोठे अजब गृहस्थ. जगाने टाकून दिलेल्या वस्तूंवर त्यांची नजर असे. १८१९ साली त्यांनी जुन्या चिंध्या आणि लाकडाचा भुसा गंधकाम्लात घालून त्यापासून साखर काढून दाखवली होती. चिंध्यांची साखर! त्यांची गाठ पुन्हा एकदा पडणार आहे, तेव्हा नाव लक्षात ठेवा.

पेक्टिनची दोरी म्हणजे गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाच्या मण्यांची माळ. प्रत्येक मण्यावर आम्लाचा एक गट, म्हणजे विद्युतभार धरायची जागा. दोरी लांब आहे आणि भारही आहे. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत, विशेषतः आपण नखाने खरवडून टाकतो त्या आतल्या पांढऱ्या, कापसासारख्या थरात, हा पदार्थ ठासून भरलेला असतो. साल वाळवली तर तिच्या वजनाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, नुसता पेक्टिन निघतो. फळाच्या आतला रस उन्हात सुकू नये म्हणून झाडाने त्याच्याभोवती ही ओलसर गादी गुंडाळलेली असते. पाणी राखायचं काम साल आयुष्यभर करतच आलेली. आपण रस पितो आणि राखणदाराला उकिरड्यावर टाकतो.

आणि किती टाकतो! रसाच्या कारखान्यात गेलेल्या फळाचं जवळजवळ निम्मं वजन साली, चोथा आणि बियांच्या रूपाने मागे उरतं. ताजी लिंबूवर्गीय फळं निर्यात करण्यात स्पेनच्या खालोखाल दक्षिण आफ्रिकेचा नंबर लागे. त्या देशात सालींना तोटा नव्हता.

गाठींचा प्रश्न उरला होता. किआराने संत्र्याच्या सालीचं मिश्रण अ‍ॅव्होकॅडोच्या सालीतल्या तेलाबरोबर जमवलं. अ‍ॅव्होकॅडोची सालही तिकडे ढिगाने टाकून दिली जाणारी वस्तू. साली उकळायच्या, वाळवायच्या, एकत्र करायच्या, तापवायच्या. तेल आणि पाणी एकजीव करून त्यांच्यात रेणू जोडायचे हे तंत्र पायसीकरणाचं. त्याला ना महागडं यंत्र लागलं, ना बाटलीबंद रसायनं. ४५ दिवस तिचे प्रयोग चालू होते. तयार झालेला पदार्थ तिने बाजारातल्या कृत्रिम पुडीशेजारी आणि इतर नमुन्यांशेजारी मातीत घातला, ओल मोजली, रोपांची वाढ टिपली. तिच्या नोंदींत सालीचं मिश्रण ओल टिकवण्यात सरस ठरलं आणि स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीनशेपट पाणी धरतं असं तिने मांडलं. सप्टेंबर २०१६ मध्ये गूगल सायन्स फेअरचं सर्वोच्च पारितोषिक, ५०,००० डॉलरची शिष्यवृत्ती, तिला मिळालं. प्रकल्पाचं नाव होतं ‘नो मोर थर्स्टी क्रॉप्स’, तहानलेली पिकं आता नकोत. पुढे ती स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला गेली.

अशा बातम्या वाचल्या की लगेच ‘दुष्काळावर उपाय सापडला’ असे मथळे येतात. मला त्यांचा राग येतो, कारण त्यांच्या गोंगाटात खरी गंमत हरवते. तेव्हा पाटी-पेन्सिल घेऊन जरा हिशेब करू.

आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केलं आहे. ते सेल्युलोजवर आधारलेलं आणि निदान ३५० पट पाणी धरणारं. शिफारस हेक्टरी अडीच ते पाच किलोची. समजा पाच किलो घातलं, तर ते पोटभर प्यायल्यावर पाणी किती धरेल? ५ गुणिले ३५०, म्हणजे १७५० लिटर. ऐकायला बरं वाटतं. पण एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर तेवढ्याने १०,००० लिटर पाणी येतं. म्हणजे आपल्या पाच किलोंनी पावसाच्या एका मिलिमीटरचा पाचवा हिस्साही धरला नाही! मग उपयोग काय? उपयोग आहे, पण तो जागेचा. ही पूड शेतभर उधळायची नसते, बियाबरोबर ओळीत, मुळांच्या तोंडाशी द्यायची असते. पाऊस आला की ती भरते, उघडीप पडली की रिकामी होते आणि पुढच्या सरीला पुन्हा भरते. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांचा खंड पडला आणि उगवलेलं कोवळं रोप तेवढे दिवस तगून राहिलं, तर दुबार पेरणी टळते. दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्याच्या घरात बियाण्याची उधारी झालेली आहे त्याला विचारावं.

आणि याच हिशेबातून सालीचं मोल कळतं. महाग पूड पाच किलोच परवडते. कचऱ्यापासून झालेली पूड खरंच स्वस्त पडली, तर ती पाच किलोंऐवजी शंभर किलो घालता येईल. शंभर किलो, तीनशेपट, म्हणजे ३०,००० लिटर, तीन मिलिमीटर पाऊस थेट मुळांशी. म्हणून ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे इथे शाळेच्या प्रदर्शनातलं घोषवाक्य उरत नाही. सगळा उपाय चालणार की नाही हे कच्च्या मालाच्या भावावरच ठरतं. जाता जाता आणखी एक आकडा. लातूरला आलेल्या त्या पहिल्या गाडीतलं पाच लाख लिटर पाणी तीनशेपटीच्या हिशेबाने धरून ठेवायला पूड किती लागेल? सुमारे १,६७० किलो. स्टेशनबाहेर उभ्या राहणाऱ्या एका मध्यम टेम्पोत मावेल एवढी. अर्थात पूड पाणी धरते, आणत नाही. ते आणायला तेव्हाही मिरजच लागली असती.

दुसरी अडचण मिठाची. लोणच्याची बरणी पुन्हा आठवा. डायपरमधली फुगलेली जेली घ्या आणि तिच्यावर चमचाभर मीठ टाकून ढवळा. काही मिनिटांत जेली पाणी सोडून ढेपाळते. बाहेर क्षार वाढले की पाण्याला आत जायचं कारण उरत नाही. शुद्ध पाण्यात तीनशेपट पिणारी हीच पूड ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात जेमतेम पन्नासपट पिते. आपल्या बोअरचं पाणी जड, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम भरपूर. प्रयोगशाळेतले आकडे असे शेतात उतरले की अंग चोरतात. शिवाय वर मातीचं ओझं असतं, त्याखाली फुगायलाही जागा हवी. म्हणून शाळकरी प्रयोगापासून शेतातल्या पोत्यापर्यंतची वाट लांब असते आणि तिच्यावर बरेच जण गळतात. पण त्यामुळे किआराच्या कल्पनेची किंमत कमी होत नाही. सालीकडे कोणत्या नजरेने बघायचं ते तिने दाखवलं.

आता घराजवळ येऊ. संत्रं म्हटलं की नागपूर, वरुड, मोर्शी. पण आपलं संत्रं हाताने सोलून खायचं फळ. त्याची सैल, पातळ साल गाडीच्या खिडकीतून, बागेतल्या बाकाखालून, लाखो घरांच्या केराच्या डब्यांतून विखुरते. रसायनाला कच्चा माल एका जागी हवा असतो, विखुरलेला माल गोळा करण्यातच नफा संपतो. मोसंबीचं तसं नाही. ती जाड सालीची, पांढऱ्या गादीची आणि रसासाठीच घेतली जाणारी. कुठल्याही मोठ्या इस्पितळाच्या फाटकाबाहेर रसाची गाडी असते. संध्याकाळी तिच्यामागे सालींनी भरलेली पिंपं उभी असतात, माशा घोंघावत असतात. आणि मोसंबी पिकते कुठे? जालन्यात, छत्रपती संभाजीनगरात. ज्या मराठवाड्याला पाणी धरून ठेवणाऱ्या पुडीची गरज, तिथलीच ही बाग. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या शेतकऱ्यांनी वाळलेल्या मोसंबीच्या बागा कुऱ्हाडीने तोडून सरपण केलं. त्या झाडांच्या फळांच्या सालींत वर्षानुवर्षं काय होतं हे कळल्यावर मला तरी काही वेळ मोसंबीचा रस गोड लागला नाही.

सालीला नुसतं जमिनीवर टाकलं तरी ती काय करते याची एक गोष्ट कोस्टा रिकात घडली. १९९० च्या दशकात डॅनियल जान्झेन आणि विनी हॉलवॉक्स या शास्त्रज्ञ जोडप्याने एका रसाच्या कंपनीशी करार घडवून आणला आणि उजाड झालेल्या तीन हेक्टर माळावर संत्र्याच्या सालींचे हजारभर ट्रक, सुमारे १२,००० टन, ओतले गेले. प्रतिस्पर्धी कंपनी कोर्टात गेली, हा उकिरडा आहे म्हणाली, आणि जिंकली. सगळं थांबलं. सोळा वर्षांनी एक तरुण संशोधक ती जागा शोधायला गेला तर त्याला ती सापडेना. तिथे लावलेली पाटी वेलींखाली गडप झाली होती, कारण माळाचं जंगल झालं होतं. शेजारच्या साल न टाकलेल्या जागेपेक्षा तिथलं झाडोऱ्याचं वस्तुमान १७६ टक्क्यांनी जास्त भरलं.

एवढं वाचल्यावर हात शिवशिवले नसते तर नवल. मी कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून मोसंबीच्या साली मागून आणल्या. (‘गुरांना का?’ त्याने विचारलं. मी हो म्हणालो. खरं सांगायला वेळ लागला असता.) पिवळा भाग किसून वेगळा केला, पांढरा गर लिंबू पिळलेल्या पाण्यात पाऊण तास उकळला, मलमलीतून गाळला. गुळगुळीत, मधासारखा संथ द्रव. ताटात पसरून गच्चीवर वाळवला तर दुसऱ्या दिवशी ताटाला काचेसारखे पापुद्रे धरलेले. मोठ्या आशेने ते पाण्यात टाकले. फुगले, लिबलिबीत झाले आणि अर्ध्या तासात विरघळून गेले. गाठी कुठे होत्या?

मग पेठा आठवला. कोहळ्याच्या फोडी पाकात टाकण्याआधी चुन्याच्या निवळीत ठेवतात, त्यामुळे त्या शिजल्या तरी कडक राहतात. कारण चुन्यातला कॅल्शियम पेक्टिनच्या दोन दोऱ्यांच्या मधल्या खळग्यांत बरोबर बसतो आणि त्यांना एकत्र धरतो. शास्त्रज्ञ या रचनेला अंड्यांच्या खोक्याची उपमा देतात. दोन पुठ्ठे, मधे ओळीने बसलेली अंडी. मी उरलेल्या द्रवात चुन्याची निवळी चमचा चमचा घातली. द्रव आधी गढूळला आणि मग बघता बघता चमच्याभोवती गोळा झाला. थलथलीत, धुरकट, हातात धरता येणारा. पानवाल्याकडच्या एक रुपयाच्या चुन्याने गाठी बांधल्या होत्या! वाळवून पुन्हा भिजवला तेव्हा तो विरघळला नाही. तीनशेपट सोडा, दहापटही फुगला नाही, कारण गाठी जरा जास्तच झाल्या होत्या. जाळं विणताना मी त्याचं कांबळं केलं होतं.

तो गोळा वाटीत ठेवून मी गावाला गेलो. पाचव्या दिवशी परतलो तेव्हा त्याच्यावर पांढरी, मखमली बुरशी होती, मधेच हिरवट ठिपके. ती पेक्टिन खात होती. डायपरची पूड तिथे असती तर जशीच्या तशी बसली असती. सालीची पूड मातीला पचते म्हणतात ती अशी, आणि पचायला एक हंगाम तरी लागावा यासाठी पुढचे सगळे खटाटोप करावे लागतात तेही यामुळेच. मी भिंग काढून बुरशीचे धागे पाहत बसलो. त्या धाग्यांच्या भिंती पेक्टिनच्या नसतात, काइटिनच्या असतात. कोळंबीच्या कवचात असतं तेच काइटिन. बुरशीत ते प्रथम कुणाला सापडलं, तर १८११ साली, नान्सीच्या त्याच ब्राकोनोंना. त्याला आजचं नाव मात्र १८२३ साली दुसऱ्या एका फ्रेंच संशोधकाने दिलं, ग्रीक ‘खितोन’वरून. खितोन म्हणजे अंगरखा.

वाटी घासायला टाकायचं त्या दिवशी माझ्याच्याने झालं नाही.